भाजलेल्या रुग्णाचे रक्त काय सांगते?

गंभीर भाजलेला रुग्ण इस्पितळात दाखल झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती टक्के भाजले?’ हा प्रश्न रास्तच आहे. १९६१ साली फ्रान्समध्ये मांडल्या गेलेल्या ‘बो’ गुणांकात रुग्णाचे वय आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी यांची बेरीज केली जाते. धुरामुळे श्वसनमार्गाला इजा झाली असल्यास सुधारित गुणांकात आणखी १७ मिळवतात. बेरीज जितकी मोठी, तितका जिवाला धोका अधिक. मात्र हा अंदाज दाखल होतानाच्या स्थितीवर बेतलेला असतो. त्यानंतर शरीर उपचारांना कसा प्रतिसाद देते, हे रक्तातील जैवनिर्देशक, म्हणजेच बायोमार्कर, सांगतात.

त्वचेचा मोठा भाग भाजला की रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर पाझरतो, रक्तपुरवठा घटतो आणि पेशींना प्राणवायू अपुरा पडतो. परिणामी रक्तातील लॅक्टेट वाढते. एरवी त्याचे प्रमाण प्रतिलिटर २ मिलिमोलपेक्षा कमी असते. शिरेतून द्रव दिल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ते उतरले, तर ते सुचिन्ह मानतात. चढेच राहिले, तर मृत्यूचा धोका वाढतो.

पुढील दिवसांत खरे भय असते ते सेप्सिसचे. त्याचे निदान येथे विशेष कठीण ठरते, कारण ताप, जलद नाडी आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी ही लक्षणे जंतुसंसर्ग नसतानाही दिसतात. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनही केवळ दाहामुळे वाढते. त्या तुलनेत प्रोकॅल्सिटोनिन हा जंतुसंसर्गाचा अधिक नेमका निर्देशक होय; तथापि भाजल्यानंतर लगेच किंवा शस्त्रक्रियेनंतर तेही वाढू शकते. प्लेटलेट पहिल्या काही दिवसांत घटतात व पुढे पुन्हा वाढतात. त्या वाढल्याच नाहीत, तर डॉक्टर सावध होतात.

यांपैकी कोणताही एक आकडा रुग्णाचे भवितव्य ठरवत नाही. महत्त्व असते ते आकड्यांच्या चढउताराला, आणि तो एका तपासणीत कळत नाही. ‘पुन्हा पुन्हा रक्त कशाला काढता?’ असे विचारणाऱ्या आप्तांनी हे ध्यानी घ्यावे. द्रवाचे प्रमाण बदलणे, प्रतिजैविक सुरू करणे अथवा थांबवणे, असे निर्णय घेताना जखमेइतकाच या नोंदींचाही आधार असतो.