पाच खोकी की एक पट्टी?

गेल्या दिवाळीत आमच्याकडे नवा टीव्ही आला. ५५ इंची, जाडी जेमतेम दोन बोटं. चित्र झकास, पण आवाज असा की सगळी पात्रं तोंडावर रुमाल धरून बोलताहेत. "काय म्हणाला तो?" हा बाबांचा प्रश्न दर दोन मिनिटांनी. मी आवाज वाढवायचो, मग पार्श्वसंगीत अंगावर यायचं, आणि आतून आईची हाक, "अरे, शेजारच्यांनाही दाखवतोयस का सिनेमा?" दोन-तीन आठवड्यांनी बाबांनी विचारणंच बंद केलं. शनिवारी सिनेमा लावला की "तुम्ही बघा, मला झोप येतेय" म्हणून नऊ वाजताच आत जायला लागले. हे मात्र मनाला लागलं.

ऑफिसात विचारलं तर लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणाला, "सरळ साउंडबार घे. एक वायर, विषय संपला." दुसरा म्हणाला, "बार ही निव्वळ फसवणूक. घ्यायचं तर रिसीव्हर आणि वेगळे पाच स्पीकर." मी रीतसर एक्सेल शीट केली. वॉट, चॅनल, किंमत. वीसेक ओळी भरल्यावर लक्षात आलं, की मला मुळात प्रश्नच कळलेला नाही. जुन्या कोडमधली एखादी विचित्र ओळ तिथे का आहे ते कळेना, की आपण तिचा इतिहास उपसतो. म्हटलं, इथेही तेच करू.

गोष्ट सुरू होते १९३१ साली, लंडनमध्ये. अ‍ॅलन ब्लूमलिन नावाचा ईएमआय कंपनीतला तिशीही न गाठलेला इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता. नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज भलतीकडून, कारण स्पीकर एकच. असं सांगतात की तो तिथेच तिला म्हणाला, आवाज माणसाच्या मागे कसा चालवायचा ते मला सुचलंय. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्याने पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो ते जवळजवळ सगळं त्यात आहे. एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, हेसुद्धा. पुढे महायुद्धात विमानातल्या रडारची चाचणी घेताना ७ जून १९४२ रोजी विमान कोसळून तो गेला. वय ३८. त्याच्या नावावर १२८ पेटंट होती, आणि घराघरात स्टीरिओ पोचलेला मात्र त्याने कधी पाहिला नाही.

अटलांटिकपलीकडे बेल लॅबमध्ये हार्वे फ्लेचर आणि मंडळी याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडत होती. २७ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी एक अचाट प्रयोग केला. वाद्यवृंद फिलाडेल्फियात वाजतोय आणि श्रोते वॉशिंग्टनच्या सभागृहात बसलेत. मधे टेलिफोनच्या तीन तारा. डावी, मधली, उजवी. खरं तर रंगमंचाच्या रुंदीभर मायक्रोफोनचा पडदाच लावायला हवा, इतकेच स्पीकर दुसऱ्या टोकाला हवेत. पण व्यवहारात तीनमध्ये काम भागतं, असं त्यांना दिसलं.

ही मधली तार लक्षात ठेवा. ती का हवी? दोनच स्पीकर असले तर मधला आवाज खरा नसतो. दोन्हीकडून सारखाच आवाज येतो आणि मेंदू समजतो, "मधून आला." पण हा भास अगदी मध्यभागी बसणाऱ्यालाच होतो. तुम्ही एका बाजूला सरकलात की जवळच्या स्पीकरचा आवाज काही सहस्रांश सेकंद आधी पोचतो आणि मेंदू त्याच्याकडेच बोट दाखवतो. सिनेमागृहात तर सगळेच मध्यभागी बसू शकत नाहीत. म्हणून संवादासाठी पडद्यामागे मधोमध खराखुरा स्पीकर.

मग घरात दोनच कसे आले? इथे मला अगदी घरच्यासारखं वाटलं. १९५७-५८ मध्ये स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, आणि रेकॉर्डच्या खाचेला भिंती असतात दोन! एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. ब्लूमलिनच्या पेटंटात होतं तसंच. तिसऱ्याला जागाच नाही. म्हणजे कानाला काय हवं यापेक्षा फाइल फॉरमॅटमध्ये काय मावतं, यावर साऱ्या जगाच्या दिवाणखान्यांची रचना ठरली. आपल्या धंद्यात हे रोजचंच आहे :-)

१९७०च्या दशकात कंपन्यांनी चार स्पीकरचं 'क्वाड्राफोनिक' आणलं. दोन पुढे, दोन मागे. एकमेकांशी न जुळणाऱ्या तीन-चार पद्धती निघाल्या. त्यात सोफ्यामागे खोकी आणि वायरी ठेवायला घरचे तयार होईनात. काही वर्षांत सगळं गुंडाळलं.

गंमत म्हणजे यावर उतारा शोधणारा माणूस आधी आपल्याकडे राहून गेला होता. रे डॉल्बी १९६३ ते ६५ अशी दोन वर्षं संयुक्त राष्ट्रांचा तंत्रसल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ साली त्याने लंडनला जाऊन कंपनी काढली. दहा वर्षांनी त्या कंपनीने सिनेमाच्या फिल्मवरच्या दोन पट्ट्यांमध्ये गणिताने चार आवाज बसवले: डावा, मधला, उजवा आणि मागचा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ते जगाला ऐकवलं. १९८२ मध्ये ते घरी आलं, पण मधल्या आवाजाशिवाय. तो घरी यायला १९८७ चं प्रो लॉजिक उजाडावं लागलं. मग डीव्हीडी आली आणि ५.१ हा आकडा बोलण्यात रुळला. म्हणजे १९३३ ची ती मधली तार माणसांच्या घरात पोचायला ५४ वर्षं लागली.

हे सगळं मी एका रविवारी जेवताना बाबांना सांगत होतो. ते एकदम म्हणाले, "मिनर्व्हाला 'शोले'!" १९७५ चा 'शोले' ७० एमएममध्ये, सहा ट्रॅकच्या स्टीरिओ आवाजात लागला होता. बाबा तेव्हा लालबागला राहायचे. "ते नाणं उडवतात ना, ते पडल्याचा आवाज आला आणि शेजारचा माणूस खाली वाकून शोधायला लागला. मीसुद्धा पाय उचलले." ते थिएटर आता राहिलेलं नाही. पण बाबांना ते नाणं कुठल्या बाजूला पडलं ते अजून आठवतं. आणि हाच माणूस नऊ वाजता झोपायला जातो? मला जेवण जाईना.

आता पट्टीकडे येऊ. भिंतीवर आवाज आपटवून खोली भरायची कल्पना जुनी आहे. अमर बोस, म्हणजे वडिलांकडून आपले कलकत्त्याचे, यांनी १९६८ साली काढलेल्या ९०१ या स्पीकरमध्ये नऊपैकी आठ कर्णे तोंड फिरवून मागच्या भिंतीकडे बसवले होते. तिचंच टोक म्हणजे यामाहाचा वायएसपी-१, २००४-०५ चा. एका पट्टीत ४० छोटे कर्णे आणि दोन मोठे. प्रत्येकाला किंचित मागेपुढे वाजवून आवाजाचा झोत करायचा, तो बाजूच्या भिंतीवर मारायचा आणि मागून आल्याचा भास निर्माण करायचा. मूळ तंत्र केंब्रिजच्या एका छोट्या कंपनीचं. फसवणूक वगैरे काही नाही, शुद्ध भूमिती!

पण पट्टी घरोघरी गेली ती या भूमितीमुळे नाही. ती गेली टीव्ही बारीक झाला म्हणून. जुन्या डबा टीव्हीच्या पोटात बऱ्यापैकी स्पीकर मावायचा, तोही तुमच्याकडे तोंड करून. दोन बोटं जाडीत कर्णा मावणार कुठे? तो खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. म्हणजे आपण आधी आवाज विकून चित्र घेतलं आणि मग तोच आवाज वेगळे पैसे मोजून परत आणला.

इतकं वाचल्यावर एक्सेल शीट बंद केली आणि हॉल बघितला. डावीकडे भिंतच नाही, उघडं डायनिंग आहे. उजवीकडे बाल्कनीचं सरकतं दार आणि जाड पडदा. झोत आपटणार कशावर? मागे स्पीकर लावायचे तर वायर येण्याजाण्याच्या वाटेत, म्हणजे आई अडखळणार. आणि बाबांची खुर्ची अगदी उजव्या कोपऱ्यात, जिथे मधला भास कधीच पोचत नाही. त्यात वयाबरोबर आधी जातात वरचे सूर, आणि स, श, फ, त ही अक्षरं तिथेच राहतात. संगीतात मिसळलेलं बोलणं त्यांना कळणार कसं?

म्हणजे प्रश्न पाच की एक असा नव्हताच. प्रश्न मधल्याचा होता.

शेवटी रिसीव्हर आणि तीनच स्पीकर घेतले: डावा, उजवा आणि टीव्हीखाली मधला. मागचे घेतलेच नाहीत. मधला आवाज सेटिंगमध्ये तेवढा ३ डेसिबल वाढवला. तुम्ही भाड्याच्या घरात असाल, दर दोन वर्षांनी सामान हलवत असाल, तर खुशाल बार घ्या. फक्त पहिला आकडा बघा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर. ३.१ मध्ये मधला असतो. घरात म्हातारं माणूस असेल तर हा एकच फरक बाकी सगळ्या वॉटांवर भारी आहे. (आणि कानाची तपासणीही करून घ्या. बाबांची करायला दोन महिने मनधरणी करावी लागली.)

गेल्या शनिवारी 'शोले' लावला. नऊ वाजले, साडेनऊ झाले, बाबा खुर्चीतच. गब्बरच्या प्रवेशाला मी जोशात येऊन आवाज वाढवला. कोपऱ्यातून लगेच बाबा म्हणाले, "जरा कमी कर रे. ऐकू येतंय मला."