पाटी कापणारा किरण

अकोटच्या बाजारात अ‍ॅक्रिलिकची पाटी करायला टाकली, की हल्ली यंत्र अक्षरं झरझर कापून देतं. किरण मात्र दिसत नाही. अशा बहुतेक यंत्रांत कार्बन डायऑक्साइड लेसर असतो. तो शोधणारे कुमार पटेल १९३८ साली बारामतीला जन्मले, पुण्याला इंजिनिअर झाले.

१९६४ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत त्यांना मिळालेला पहिला किरण अगदी दुबळा, मिलिवॉटमधला. मग त्यांनी नायट्रोजनची जोड दिली. हवेतला आपला साधा नायट्रोजन! विजेने चेतलेले त्याचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात. शक्ती थेट वॉटमध्ये गेली.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिक उजेड जाऊ देतं, पण हा अवरक्त किरण शोषून घेतं आणि जागीच वाफ होतं. पॉलिइमाइडचं तसं नाही. अपोलोच्या चांद्रयानावर गुंडाळलेलं हे प्लास्टिक चारशे अंशांपर्यंत टिकतं, वितळत नाही. २०१४ मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने त्यावर हाच किरण फिरवला. काळ्या पडलेल्या रेघेत वीजवाहक ग्राफिन निघालं. यंत्र होतं पाटीवाल्याकडे असतं त्याच जातीचं.