शुश्रूषा : एका शब्दाचा व एका व्यवसायाचा इतिहास

पवना नदीच्या काठचे पिंपळे गुरव हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. त्याच्या एका अंगास पिंपरीचे कारखाने आहेत, तर दुसऱ्या अंगास सांगवी फाट्याजवळ औंधचे उरो रुग्णालय व जिल्हा रुग्णालय आहे. आजारपणाविषयी बोलण्याच्या तीन तऱ्हा ह्या टापूत एकाच वेळी नांदताना दिसतात. गावाच्या नावातील 'गुरव' हा जुन्या ग्रामव्यवस्थेतील देवळाचा सेवक. त्याच्या हातच्या अंगाऱ्याशी निगडित अशी बोली ही पहिली तऱ्हा होय. वैद्यकाची संस्कृत परिभाषा ही दुसरी, आणि इंग्रजी अंमलात इस्पितळांबरोबर आलेली परिभाषा ही तिसरी.

परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'आरोग्य', 'आजार' आणि 'रुग्णाच्या गरजा' ह्या संकल्पना प्रारंभीच शिकविल्या जातात. त्या परक्या भाषेतून आलेल्या असून मराठीत केवळ त्यांचे प्रतिशब्द योजावयाचे आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु प्रतिशब्द म्हणून निवडलेले शब्द कोरे नसतात. त्यांच्यामागे समाजाच्या समजुती, त्यातील उच्चनीचभाव आणि अनुभव उभे असतात. 'शुश्रूषा' हा शब्द त्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्याच्या अर्थाचा प्रवास आणि महाराष्ट्रातील परिचर्येचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्यास, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या व्यक्तीने ऐकावयाचे ते कोणाचे, हा एकच प्रश्न दोन्हींच्या मुळाशी असल्याचे आढळते.

प्रथम आरोग्यविषयक शब्द पाहू. 'रोग' व 'रुग्ण' हे दोन्ही शब्द 'रुज्' म्हणजे मोडणे ह्या धातूपासून साधले आहेत. रुग्ण म्हणजे मुळात मोडलेला. 'आरोग्य' हा शब्द 'अरोग' ह्यावरून सिद्ध झाला असल्यामुळे त्याचा अर्थ अभावात्मक आहे. रोग नाही, एवढेच तो सांगतो. 'स्वास्थ्य' ह्या शब्दाची घडण निराळी आहे. जो स्वतःच्या ठायी स्थित आहे तो स्वस्थ. मराठीत 'स्वस्थ बसणे' व 'अस्वस्थ होणे' ह्या प्रयोगांत हा मानसिक अर्थ आजही जिवंत आहे. ह्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की मराठी माणूस कुशल विचारतो ते 'प्रकृती कशी आहे?' किंवा 'तब्येत कशी आहे?' असे. पहिला शब्द संस्कृत, दुसरा अरबी; परंतु दोहोंचा मूळ अर्थ 'स्वभाव' हाच आहे. माणूस आपल्या स्वभावावर असला म्हणजे तो बरा, असा ह्या प्रश्नाचा आशय होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४६ साली संमत झालेल्या घटनेत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती होय, अशी व्याख्या करण्यात आली. ती मराठी भाषकाला अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते. शासनाच्या खात्याला मात्र 'आरोग्य' हा अभावात्मक शब्दच चिकटला.

आजाराच्या बाबतीत शब्दांइतकीच वाक्यरचनाही बोलकी आहे. 'आजार' हा फारसी शब्द पीडा व इजा ह्या अर्थाचा आहे. 'दुखणे' हे क्रियापदही आहे आणि नामही. मराठी माणूस 'मला ताप आला', 'मला तहान लागली', 'मला बरे वाटत नाही' असे म्हणतो. ह्या वाक्यांत आजारी माणूस कर्ता नसतो. तो चतुर्थीत असतो. ताप हा येणारा आणि माणूस हा त्याला सोसणारा. देवीच्या रोगासंबंधीच्या बोलीत तर ह्या 'येण्या'ला शब्दशः आगमनाचा अर्थ होता. 'मुलाला देवी आल्या' असे म्हणताना घरात देवतेचा वास आहे असे मानून कडुलिंबाचा पाला, गारवा आणि शांतता ह्यांची व्यवस्था केली जाई. पुढे लस टोचण्यालाही 'देवी काढणे' हेच नाव पडले. १९७७ साली भारत देवीमुक्त म्हणून घोषित झाला, तरी शब्द मागे उरला. ह्या समजुतीत शास्त्र नव्हते. परंतु आजाऱ्याच्या खोलीत आवाज नको, उजेड बेताचा हवा, खाणेपिणे त्याच्या कलाने हवे, हे भान तीत होते.

आता आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याकडे वळू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधिद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण दिले आहेत. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, स्नेह व शुचिता हे गुण अपेक्षिले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मरणशक्ती, सूचनांचे पालन व निर्भयता ह्यांबरोबर 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्या रोगाविषयी नीट सांगता येणे, ह्याची गणना केली आहे. रोग्याचे सांगणे हा चिकित्सेचाच भाग होय, ही जाण येथे स्पष्ट दिसते. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. एका बाजूस ज्ञापकत्व आणि दुसऱ्या बाजूस शुश्रूषा अशी जोडी लावली की परिचर्येची संपूर्ण कल्पना हाती आली, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु इतिहास इतका सरळ नाही. चरकाने परिचारकाकडून अपेक्षिलेला स्नेह 'भर्त्या'विषयी, म्हणजे पोसणाऱ्या धन्याविषयी आहे. परिचारक हा सेवक होता. शुश्रूषेचा प्राचीन अर्थही गुरूचे, पतीचे व वरिष्ठाचे ऐकणे, म्हणजे आज्ञापालन, असाच मुख्यतः आढळतो. मनुस्मृतीत शूद्राचे कर्म म्हणून अन्य वर्णांच्या शुश्रूषेचा निर्देश आहे आणि स्त्रीचे कर्तव्य म्हणून पतीच्या शुश्रूषेचा. शब्दात ऐकणे आहे खरे, परंतु त्या ऐकण्याची दिशा खालून वर अशी होती. ज्याला ऐकण्याचे कर्तव्य होते त्याचे दुखणे कोणी ऐकावे, ह्याची तरतूद त्या शब्दात नव्हती.

मराठी घरांत हे काम स्त्रियांनी केले आणि त्यांनी ते निराळ्या शब्दांत सांगितले. 'सासऱ्यांचे दुखणे काढले', 'नणंदेची बाळंतपणे काढली' असे त्या म्हणत. दुखणे दुसऱ्याचे, ते काढावयाचे मात्र हिने. ह्याच 'काढणे' क्रियापदाचा दुसरा प्रयोग 'अंगावर काढणे' हा होय. ताप आला असता अंथरूण न धरता, औषध न घेता, काम करीत राहणे म्हणजे तो अंगावर काढणे. जी सर्वांची दुखणी काढी, ती स्वतःचे दुखणे बहुधा अंगावर काढी. घरगुती परिचर्येतील विषमता ह्या दोन वाक्प्रचारांनी जितकी नेमकी टिपली आहे, तितकी ती कोणत्याही प्रबंधात क्वचितच आढळेल.

परिचर्येला व्यवसायाचे रूप आले ते १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचे परिचर्येवरील पुस्तक १८५९ साली सिद्ध झाले. शुद्ध हवा, उजेड, स्वच्छता, शांतता आणि रुग्णाचे सूक्ष्म निरीक्षण ह्यांवर तिचा भर होता. ती हिंदुस्थानात कधी आली नाही. परंतु येथील सार्वजनिक आरोग्याचा तिने दीर्घकाळ अभ्यास केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहारही होता. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ साली उभे राहिले. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले, आणि १८९१ साली परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या बाई काशीबाई गणपत ह्यांचा उल्लेख पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून केला जातो. नव्या व्यवस्थेत परिचारिकेने ऐकावयाचे ते डॉक्टरांचे. शुश्रूषेची दिशा बदलली नव्हती. धन्याच्या जागी केवळ वैद्यकसत्ता आली होती.

ह्या व्यवस्थेची कठोर परीक्षा पुण्याच्या प्लेगमध्ये झाली. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा संमत झाला. त्यानंतर रँड ह्यांच्या देखरेखीखाली गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती, संशयितांची रवानगी आणि कुटुंबीयांचे विलगीकरण सुरू झाले. साथ आवरण्यासाठी विलगीकरण अवश्य होते, ह्यात शंका नाही. परंतु माजघरात शिरणाऱ्या शिपायाने घरच्या माणसांचे म्हणणे ऐकून घ्यावे, अशी त्या योजनेत सोय नव्हती. परिणामी लोक आजारी माणसे लपवू लागले आणि उपायाविषयीची भीती रोगाच्या भीतीहून मोठी झाली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड ह्यांच्यावर गोळी झाडणारे चापेकर बंधू पिंपळे गुरवपासून जवळच असलेल्या चिंचवडचे होते. त्या घटनेची चर्चा राजकीय इतिहासात पुष्कळ झाली आहे. परिचर्येच्या इतिहासातही तिला स्थान आहे; कारण ज्ञापकत्वाला वाव न देणारा उपचार किती अविश्वास निर्माण करतो, ह्याचा तो दाखला होय.

त्याच साथीत, त्याच शहराच्या परिसरात, अगदी उलट प्रकारचे उदाहरणही घडले. डॉ. यशवंत फुले ह्यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालविला होता. सावित्रीबाई फुले तेथे रुग्णांची सेवा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. स्मृतिकारांच्या व्यवस्थेत शूद्र आणि स्त्री अशा दोन्ही नात्यांनी जिच्यावर वरिष्ठांच्या शुश्रूषेचे कर्तव्य लादले होते, तिने शुश्रूषेची दिशा पालटली. ज्याला स्पर्शही निषिद्ध मानला होता, त्याची हाक तिने ऐकली. 'शुश्रूषा' ह्या शब्दाचा आधुनिक अर्थ महाराष्ट्रात आचरणाने सिद्ध झाला तो येथे, असे म्हणता येईल.

१९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदनाची स्थापना झाली. परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे, विटाळाचे मानलेले हे काम मध्यमवर्गीय स्त्रियांनी, विशेषतः विधवांनी शिकावे, ह्यासाठी सेवासदनाने मोठा खटाटोप केला आणि ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे १९३५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने परिचारिकांची नोंदणी सुरू झाली, १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली, आणि १९६६ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. सेवेचा व्यवसाय झाला. संबोधनांत मात्र जुनी उतरंड नव्या रूपाने उरली. मराठी रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिकेला 'सिस्टर' म्हणतात, पुरुष असल्यास 'ब्रदर'. भांडे देणाऱ्या, चादर बदलणाऱ्या स्त्रीला 'मावशी' आणि तिच्या बरोबरीच्या पुरुषाला 'मामा'. चारही शब्द नात्याचेच आहेत. परंतु शिक्षणाने मान मिळालेल्यांना इंग्रजी नाते लाभले आणि अंगमेहनत करणाऱ्यांच्या वाट्याला मराठी नाते आले. रुग्ण आपली अडचण अनेकदा मावशींजवळ प्रथम बोलतो. नोंदवहीत मात्र मावशींना जागा नसते.

'गरज' ह्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ हेतू वा प्रयोजन असा आहे. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण रोगनिवारणाबरोबर गरज संपते, असे धरून चालते. परिचर्याविचाराने ही समजूत खोडून काढली. व्हर्जिनिया हेंडरसन ह्या अमेरिकन विदुषीने १९६० साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत परिचर्येचे १४ घटक सांगितले. श्वसन, खाणेपिणे, मलमूत्रविसर्जन, हालचाल, झोप, वस्त्र, स्वच्छता इत्यादींबरोबर भावना व भीती व्यक्त करणे, आपल्या श्रद्धेनुसार उपासना करणे, काम, विरंगुळा आणि शिकणे ह्यांचाही त्यांत समावेश आहे. बळ, इच्छा वा ज्ञान असते तर रुग्णाने जे स्वतः केले असते, त्यात त्याला साहाय्य करणे, आणि तो शक्य तितक्या लवकर स्वावलंबी होईल असे पाहणे, हे तिच्या मते परिचारिकेचे कार्य होय. येथे परिचारिका ऐकते ती रुग्णाचे. शुश्रूषेची जी दिशा आचरणात पालटली होती, तिला येथे शास्त्राची मान्यता मिळाली.

औषधांच्या प्रगतीने ही गरज कमी झाली काय? क्षयावर गुणकारी औषध नव्हते तेव्हा विश्रांती, सकस अन्न व मोकळी हवा ह्यांवरच मदार असे. म्हणजे परिचर्या हीच चिकित्सा होती. पुढे प्रतिजैविके आली. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ह्या १९५४ साली स्थापन झालेल्या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले आणि ह्याच टापूत औद्योगिक वस्ती वाढत गेली. औषध जवळ आले. पण रोजंदारीवरील कामगार खाडा परवडत नाही म्हणून खोकला अंगावर काढतो, त्याला नुसत्या औषधाचा उपाय पुरत नाही. क्षयाचा उपचार महिनोगणती चालतो. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणाऱ्या रुग्णाच्या लेखी 'गरज सरलेली' असते. ती सरलेली नाही हे त्याला पटविण्यासाठी आधी त्याचे ऐकावे लागते.

पिंपळे गुरवसारख्या वस्तीत हे ऐकणे भाषेच्या दृष्टीनेही सोपे नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि अन्य प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे शेजारी राहतात. मराठीत वेदनेला एक नाव नाही. ठणका, कळ, चमक, उसण, मुरडा, जळजळ, रुतल्यासारखे होणे, मुंग्या येणे, जीव घाबरा होणे ह्यांतील प्रत्येक शब्द निराळी जागा, निराळी गती आणि पुष्कळदा निराळे कारण सुचवितो. ठणका पू झाल्याचे सुचवील, कळ थांबून थांबून येईल, चमक क्षणभर राहील. नोंदवहीत ह्या सर्वांचे 'पेन' असे एकच भाषांतर झाले म्हणजे रुग्णाचे ज्ञापकत्व वाया जाते. म्हणून परिचर्येच्या मराठी अभ्यासक्रमात प्रतिशब्दांच्या यादीपेक्षा रुग्णांच्या बोलींतील वेदनाशब्दांचा संग्रह अधिक निकडीचा आहे. आणि ते काम भाषाभ्यासक, परिचारिका व मावशी ह्यांनी मिळून करण्याजोगे आहे. रुग्णाने वापरलेला शब्द जसाच्या तसा नोंदविला जाईल, तेव्हा 'शुश्रूषा' हा शब्द आपल्या मूळ अर्थाला, योग्य त्या दिशेने, जागेल.