नोटरीचा शिक्का : इतिहास आणि मर्यादा

आपल्या सोसायटीच्या ऑफिसातलं कपाट उघडलं, तर पंचवीस वर्षांच्या फायलींत एक गोष्ट सारखी दिसते : नोटरीचा गोल शिक्का. शेअर सर्टिफिकेट हरवलं की इन्डेम्निटी बाँड, सभासद वारल्यावर वारसांचं प्रतिज्ञापत्र, परदेशातल्या मुलाने पाठवलेलं मुखत्यारपत्र. सगळीकडे तो आहे. तरी "नोटरी केलंय, म्हणजे पक्कं" असं म्हणणारे आपल्यात बरेच आहेत. बँकेच्या नोकरीत असे कागद आयुष्यभर हाताळले, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

"हे लिहून दिलं ते यानेच, याला साक्ष कोणाची?" हा प्रश्न आपल्याकडे जुनाच. मराठेशाहीत वतनाचा तंटा मिटला की गोतसभेसमोर महजर होई. त्यावर हजर असलेल्यांची साक्ष पडे. लिहिता न येणारा पाटील सहीऐवजी नांगराची खूण करी, म्हणून कागदावर 'निशाणी नांगर' असं लिहिलेलं सापडतं. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. तेव्हा गावच साक्षीदार. पण बंदरात व्यापार करणारी अनोळखी माणसं? तिथे दोन्ही बाजूंचा नसलेला, तिऱ्हाईत साक्षीदार लागतो. नोटरीचं काम हेच.

हा शब्द रोमन लोकांचा. 'नोटारियस' म्हणजे लघुलेखन करणारा लेखनिक. पुढे युरोपात पोपच्या अधिकाराने नोटरी नेमले जात. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने 1533 च्या कायद्याने हा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे दिला. गंमत म्हणजे ब्रिटिश अमदानीत आपल्याकडच्या नोटरींना सर्व कामांची सनद मिळायची तीही त्याच खात्याकडून! 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये 1885 साली कलम 138 घालून इथल्या सरकारला नोटरी नेमता येऊ लागले, पण तेवढ्या कायद्यापुरतेच. स्वतंत्र भारताने 1952 मध्ये नोटरी कायदा केला, तो 14 फेब्रुवारी 1956 पासून लागू झाला आणि ते जुनं कलम गेलं. 1988 च्या दुरुस्तीत तोच 138 क्रमांक चेक बाउन्सच्या गुन्ह्याला मिळाला. आज 'एकशे अडतीस' म्हटलं की बँकवाल्यांना चेकच आठवतो. एके काळी तो नोटरीचा नंबर होता.

बँकेत आमचा नोटरीशी खरा संबंध यायचा तो बिलांमुळे. परदेशी हुंडी स्वीकारायला किंवा तिचे पैसे द्यायला इथल्या व्यापाऱ्याने नकार दिला, तर नोटरी त्याच्याकडे पुन्हा मागणी करी, काय उत्तर मिळालं ते नोंदवी आणि 'प्रोटेस्ट'चा दाखला देई. त्या दाखल्यावर परदेशातली बँक विसंबून राही.

आता रोजचं काम. नोटरी हा साधारणपणे दहा वर्षं वकिली केलेला, सरकारने नेमलेला माणूस. सही करणारा कोण हे ओळखपत्रावरून पाहायचं, सही समोर करून घ्यायची, शपथ द्यायची, रजिस्टरात नोंद करायची आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा शिक्का मारायचा. नक्कल मूळ कागदाशी ताडून खरी असल्याचं प्रमाणित करणं हेही त्याचंच काम. आतला मजकूर खरा आहे की नाही, फ्लॅट विकणाऱ्याच्या मालकीचा आहे की नाही, हे तो तपासत नाही. ते त्याचं कामच नव्हे.

हे न समजल्याने काय होतं ते मी पाहिलं आहे. एक निवृत्त गृहस्थ उरलेल्या रकमेसाठी कर्ज मागायला आले होते. स्टॅम्प पेपरवर फ्लॅटचा खरेदी-करार, खाली नोटरीचा शिक्का; नोंदणी नाही. ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे आधीच देऊन झालेले. नोटरीने काही खोटं केलं नव्हतं, सह्या दोघांच्या खऱ्याच होत्या. पण मालकी काही आली नव्हती. आम्हाला कर्ज देता आलं नाही. ते बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत.

1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. केवळ मुखत्यारपत्र आणि करार यांवर मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं. भाडेकरू ठेवतानाही नोटरी पुरत नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची. उलट मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतातच.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून रीत निराळी. तिथे नोटरी दस्त स्वतःच्या वहीत लिहून घेतो. आजही वारसाचे दस्त, मृत्युपत्रं यांसाठी तिथे 'विशेष नोटरी' आहेत. म्हणून गोव्यातल्या नातेवाइकाचा अनुभव इथे लावू नये.

सभासदांना एवढंच सांगेन. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही करू नका. "तुम्ही येऊ नका, मी शिक्का आणून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. ज्याच्यासमोर सही झालीच नाही, त्याची साक्ष काय कामाची? नोटरीचं नाव, रजिस्टरातला क्रमांक आणि तारीख कागदावर आहे ना, ते पाहा. घराचा व्यवहार असेल तर नोटरीवर न थांबता रजिस्ट्रेशन ऑफिस गाठा. सही कोणी केली, हे शिक्का सांगतो. घर कोणाचं, हे तो सांगत नाही.