शून्य तास : सामान गाडीत, बिल्टी नाही

पुण्याहून बंगळुरू, राष्ट्रीय महामार्ग ४८, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. कोथरूडमधलं बिऱ्हाड आवरून निवृत्त काका-काकू व्हाइटफील्डला मुलाकडे निघालेत. हे जोडपं मी रचलेलं आहे, पण त्यांच्यावर जे बेततं ते पॅकर्स-मूव्हर्सच्या नावाखाली चालणाऱ्या लुबाडणुकीत पुन्हा पुन्हा, जवळपास याच क्रमाने घडतं. सामान अडवल्याचा फोन येतो तो शून्य तास. त्याच्या आधीचे तास असे जातात.

१२० तास आधी

मुलगा सकाळी एका संकेतस्थळावर फोन नंबर, कुठून कुठे आणि कोणत्या तारखेला एवढं भरतो. थोड्याच वेळात फोनवर फोन सुरू होतात, कारण ती माहिती एकाच वेळी अनेकांना विकली गेलेली असते. दोघे जण घरी येऊन सामान बघून जातात आणि ३६ व ४१ हजार सांगतात. तिसरा फोनवरच कपाटं किती, फ्रिज केवढा, एवढं विचारतो आणि १९,५०० सांगून मोकळा होतो. नाव एका नामांकित कंपनीसारखंच, मागे एक शब्द जास्त.

सामान डोळ्यांनी न पाहता सांगितलेल्या दरावर माझा काडीचा विश्वास नाही. डिझेल, टोल, हमाली, पुठ्ठ्याची खोकी, चालकाचा भत्ता यांची बेरीज केली तर इतक्या पैशांत अख्खं बिऱ्हाड बंगळुरूला पोचत नाही. राहिलेले पैसे पुढे कुठेतरी वसूल होणार, हे त्या आकड्यातच ठरलेलं असतं.

९६ तास आधी

व्हॉट्सअॅपवर कोटेशन येतं. त्यावर पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. पहिले दोन अंक राज्याचे : २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की रद्द झाली आहे, हे फुकटात कळतं. पण मुलगा ऑफिसात, काका बँकेच्या आणि गॅसच्या कामात, आणि समोरचा म्हणतोय, ‘‘महिनाअखेर आहे साहेब, टोकन टाका, नाहीतर गाडी दुसरीकडे जाईल.’’ ४,५०० रुपये जातात, तेही कंपनीच्या खात्यात न जाता कोणा एका माणसाच्या यूपीआयवर.

मी मुलाला बोल लावणार नाही. घर बदलणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या आठवड्यात पन्नास गोष्टी असतात आणि समोरचा माणूस हे रोज करतो.

४८ तास आधी, शनिवारी सकाळी

चार हमाल आणि एक सुपरवायझर येतो. पॅकिंग झपाट्याने होतं, काकूंना बरंही वाटतं. सुपरवायझर कार्बन लावलेल्या वहीत सामानाची यादी करतो. ही यादी नीट वाचायला हवी. फ्रिजपुढे ‘जुना, ओरखडे’. लाकडी देवघरापुढे ‘जुनं, टवके’. काकूंचं शिलाई मशीन परवाच तेल घालून पुसलेलं, त्याच्यापुढेही ‘जुनं, डाग’.

‘‘अहो दादा, याला कुठे डाग आहे?’’

‘‘काकू, आमच्याकडे सगळ्यालाच तसं लिहितात. तुम्ही फक्त सही करा.’’

ती सही म्हणजे उद्याच्या नुकसानभरपाईवर आजच सोडलेलं पाणी. मशीनचा पाय मोडून आला तर ते म्हणणार, आधीपासूनच तसं होतं, ही बघा तुमची सही. स्वयंपाकघराचं सगळं एका ओळीत आवरलेलं असतं : ‘किचन सामान, खोकी ७’. आत काकूंच्या सासूबाईंची पितळी पातेली आहेत, मिक्सर आहे, तांब्याचा हंडा आहे. त्यातलं काय नाहीसं झालं हे पुढे कुठल्याच कागदावरून सिद्ध होणार नाही. सही करण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, चुकीचा शेरा स्वतःच्या हाताने खोडायचा आणि खोक्यात काय आहे ते खोक्यावर आणि यादीत दोन्हीकडे लिहायचं. सुपरवायझर कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.

४४ तास आधी

‘‘विमा घ्यायचाय ना? सामानाच्या किमतीच्या तीन टक्के.’’ काका रोख देतात. पावतीवर विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी क्रमांक नाही. सामान नेणाऱ्याने स्वतःच्याच पावतीवर लिहिलेला ‘विमा’ हा विमा नसतो.

४३ तास आधी

सबंध प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा तास हाच. ठरली होती चौदा फुटी आयशर, आलाय लहान टेम्पो. ‘‘गोदामावर मोठ्या गाडीत भरणार.’’ म्हणजे सामान दुसऱ्या गाडीत चढेल तेव्हा घरचं कोणी तिथे नसेल आणि त्या गाडीचा नंबरही घरच्यांना ठाऊक नसेल.

बिल्टी? ‘‘संध्याकाळी व्हॉट्सअॅप करतो.’’

कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे माल वाहून नेणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे आणि माल घेतल्याची पावती, म्हणजे बिल्टी, दिली पाहिजे. काय माल, किती, कुठून कुठे, भाडं किती, हे त्यावर येतं. ती हातात पडेपर्यंत टेम्पोचं फळकं लागू द्यायचं नाही. पैशांची घासाघीस करण्याची ताकद तोवर घरमालकाकडे असते, फळकं लागलं की ती गाडीवाल्याकडे जाते.

टेम्पो जातो.

३० ते ६ तास आधी

सामान शहराबाहेरच्या एका गोदामात. संध्याकाळची बिल्टी आलेली नाही. रविवारी सुपरवायझरचा फोन बंद. काका-काकू दोन बॅगा घेऊन रेल्वेत बसलेत, औषधं सुदैवाने जवळ आहेत.

शून्य तास, सोमवारी सकाळी ९

‘‘सामान २१०० किलो भरलं, आपलं ठरलं होतं १२००. मोठी गाडी लागली. वर कर्नाटकचा टॅक्स, ई-वे बिल. आणखी ३१,००० टाका, मग गाडी खाली होईल. नाहीतर गोदामाचं भाडं रोजचं दीड हजार.’’ आवाज नवा आहे. गाडी कुठे आहे ते सांगत नाही.

टॅक्सची बाब धादांत खोटी. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे करनाके उठले. घरच्या वापरातल्या जुन्या सामानाला ई-वे बिल लागतच नाही, जीएसटीच्या नियम १३८च्या परिशिष्टात तशी सूट आहे. वजनाची पावती मागितली तर मिळत नाही. कुठल्या वजनकाट्यावर गाडी गेली, हेही कळत नाही.

१ तासानंतर

मुलगा पैसे टाकायला निघालाय. माणूस घाबरतो, हे मी समजू शकतो, पण पैसे मिळाले की दुसरी मागणी येण्याची भीती असते. त्याआधी मागणी लेखी घ्यायची, कॉल रेकॉर्ड करायचे, आगाऊ दिलेल्या रकमेसाठी सायबर हेल्पलाइनचा १९३० आणि ग्राहक हेल्पलाइनसाठी १९१५ लावायचा.

५ तासांनंतर

पोलीस चौकीत उत्तर मिळू शकतं, ‘‘हा दिवाणी मामला आहे.’’ तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) दाखवायचं : वाहतुकीसाठी सोपवलेल्या मालाबाबत वाहतूकदाराने विश्वासघात केला तर सात वर्षांपर्यंत कैद. कोटेशन, यूपीआयची नोंद, टेम्पोचा नंबर, सामानाचे फोटो आणि आलेली मागणी एकत्र लावून लेखी तक्रार द्यायची आणि तिची पोच मागायची. सामान हरवलं किंवा मोडलं तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत जायला हवी. ग्राहक आयोगात दाद मागायला पुण्यालाच परतावं लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथेही तक्रार चालते, म्हणजे मुलाला ती बंगळुरूतच दाखल करता येईल.