टोपी घालू की नको?

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या मराठी आणि उर्दू शाळांच्या काही शिक्षकांनी चहाला भेटायचे ठरवले. ओळखी व्हाव्यात, शिकवण्याबद्दल बोलावे, एवढाच हेतू. निरोप होता, "अनौपचारिक आहे, कसेही या." हे "कसेही"च अवघड असते. कपाटासमोर उभा राहून विचार करत होतो. रोजची टोपी घालून गेलो तर तोंड उघडण्याआधीच माझी ओळख ठरेल. न घालता गेलो तर मी काय लपवतो आहे?

भिंतीवर आजोबांचा फोटो आहे. काळी शेरवानी, डोक्यावर गोंड्याची तुर्की टोपी. आमच्या घरात ती खास मुसलमानी टोपी मानली जाते. तिचा इतिहास मात्र वेगळा आहे.

उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये सरकारी नोकरांना ही टोपी सक्तीची केली. उलेमांना पगडीची मुभा होती. बाकीच्यांचा धर्म आणि दर्जा डोक्यावरून ओळखू येऊ नये, हा त्यामागचा एक हेतू. पगडी सोडणे तेव्हा अनेकांना रुचले नाही. पुढे हीच टोपी इतकी "आपली" झाली की १९२५ मध्ये मुस्तफा कमालने तिच्यावर बंदी घालून हॅट आणली, तेव्हा विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फासावर जावे लागले. मधल्या काळात या टोप्या ऑस्ट्रियाच्या कारखान्यांतूनही येत. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा उस्मानी जनतेने ऑस्ट्रियाच्या मालाबरोबर तिथल्या टोप्यांवरही बहिष्कार टाकला.

आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या अलिगढच्या शिक्षणसंस्थेत हीच टोपी आधुनिक, शिकलेल्या मुसलमानाची खूण ठरली. धर्म ओळखू येऊ नये म्हणून आणलेली टोपी शंभर वर्षांत धर्माचीच ओळख बनली!

म्हणजे कपड्याला अर्थ आपण देतो, आणि काळ तो बदलतो. मी साधा सदरा आणि रोजची टोपी घालून गेलो. सवय आहे म्हणून, काही सिद्ध करायला नव्हे. एका गुरुजींनी विचारलेच, "आज काही सण आहे का?" मी हसून नाही म्हणालो आणि टोपीची ही गोष्ट सांगितली. मग त्यांनी विचारले, "उर्दू माध्यमाच्या मुलांना जोडाक्षरे कशी शिकवता?" पुढचा तासभर आम्ही त्यावरच बोलत होतो.