संगणकाची संहिता आणि तिचे धनी

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या अंगाने सांगितला जातो. पहिले यंत्र केवढे होते, ते किती खोल्या व्यापीत असे, आणि आज त्याहून समर्थ यंत्र खिशात कसे मावते, हे आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. मला आज या इतिहासाच्या दुसऱ्या अंगाविषयी बोलावयाचे आहे. यंत्राला काम सांगणारी जी लेखी आज्ञावली असते, जिला सर्व जण सॉफ्टवेअर म्हणतात, तिचा धनी कोण, या प्रश्नावरून गेली पन्नास वर्षे एक झगडा चालत आला आहे. एका बाजूस आज्ञावली विकणाऱ्या कंपन्या आणि दुसऱ्या बाजूस ती सर्वांस खुली ठेवू पाहणारे लोक, असे त्याचे स्वरूप सांगतात. ते स्थूलमानाने खरेही आहे. परंतु हा झगडा कोणत्या शस्त्राने लढला गेला आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे पाहू गेल्यास दोन्ही पक्षांच्या ठराविक समजुती टिकत नाहीत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज्ञावलीला दोन रूपे असतात. माणूस ती लिहितो ते रूप वाचता येते, समजून घेता येते, दुरुस्त करता येते. त्याला आपण मूळ संहिता म्हणू. यंत्रास कळेल असे तिचे रूपांतर केले, म्हणजे ती शून्य आणि एक या अंकांची लांबलचक मालिका होते. यंत्र ती चालविते. माणसाला मात्र तिच्यातले काही उमगत नाही. वैद्याने पुडी द्यावी, गुण यावा, पण पुडीत काय आहे हे सांगू नये, तसा हा प्रकार आहे. ज्याच्यापाशी कृती आहे तो पुडी स्वतः करू शकतो, आपल्या प्रकृतीप्रमाणे बदलूही शकतो; ज्याच्यापाशी नाही त्याला पुनःपुन्हा त्याच वैद्याचे दार ठोठावावे लागते. सारा वाद या एका फरकापाशी आहे.

आरंभी वाद नव्हता, कारण आज्ञावली हा मुळी विकावयाचा माल नव्हता. १९५० नंतरच्या दशकात संगणक हे मोजक्या कंपन्यांना, विद्यापीठांना आणि सरकारी खात्यांना परवडणारे यंत्र होते. किंमत यंत्राची असे. आज्ञावली त्याबरोबर येई, आणि बहुधा मूळ संहितेसकट येई. १९५५ साली लॉस एंजलिस भागातील आयबीएमच्या गिऱ्हाइकांनी 'शेअर' नावाची संघटना काढली. एकाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा करीत बसू नये, एवढाच व्यावहारिक हेतू तिच्यामागे होता. यांपैकी कित्येक सभासद विमाने बांधणाऱ्या, एकमेकींशी चुरस करणाऱ्या कंपन्यांचे नोकर होते. तरी आज्ञावलीची देवघेव चाले. १९६९ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने आयबीएमवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढे आज्ञावलीची किंमत यंत्राहून निराळी आकारली जाईल. जिला किंमत नव्हती तिला किंमत आली, आणि त्याबरोबर ती झाकून ठेवण्याची गरजही आली.

त्याच १९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' लिहावयास घेतली. प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने या कंपनीला दळणवळणाबाहेरचा धंदा करण्यास मनाई होती. त्यामुळे युनिक्स सरळ बाजारात मांडता येईना, आणि विद्यापीठांना ती नाममात्र मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळू लागली. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स या अध्यापकाने तिच्या गाभ्याच्या सुमारे ९,००० ओळींवर, आपल्याकडे सूत्रांवर लिहीत तसे, भाष्य लिहिले. सन होते १९७६. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर कंपनीने मूळ संहिता वर्गात शिकविण्यास बंदी केली. भाष्याच्या नकला मात्र हातोहात फिरत राहिल्या. ते उजळ माथ्याने छापून यावयास १९९६ साल उजाडले. १९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले, जुनी मनाई उठली, आणि युनिक्स रीतसर विक्रीचा माल झाली.

दुसऱ्या पक्षाची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी संगणकाच्या हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. अल्टेअर या लहान यंत्रासाठी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी 'बेसिक' लिहिली होती. तिच्या कामी ४०,००० डॉलरांहून अधिक किमतीचा यंत्राचा वेळ खर्ची पडला होता. पण यंत्र घेणाऱ्यांपैकी शेकडा दहांनीसुद्धा ती विकत घेतली नाही, बाकीच्यांनी नकला केल्या, आणि हिशेब केला तर श्रमाचे तासाला दोन डॉलरही सुटत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. ती खोटी नव्हती. मेहनत करणाऱ्याला मोबदला कोण देणार, हा त्यांचा प्रश्न या साऱ्या इतिहासातला सर्वांत चिवट प्रश्न आहे, आणि पुढे आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

आता रिचर्ड स्टॉलमन यांच्याकडे वळू. हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८० च्या सुमारास तेथे झेरॉक्स कंपनीचे छपाईयंत्र आले. त्यात कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी अशी सोय केली होती, की कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना सूचना जावी. नव्या यंत्राची मूळ संहिताच मिळेना. ती ज्याच्यापाशी होती अशा दुसऱ्या विद्यापीठातील एकाकडे ते गेले, तेव्हा त्याने ती कोणास न देण्याचा करार केला असल्याचे सांगून नकार दिला. गोष्ट क्षुल्लक आहे. पण एका विद्वानाने दुसऱ्यास मदत न करण्याचे लेखी वचन द्यावे, यात स्टॉलमन यांना सबंध व्यवसायाची नीती बिघडल्याचे दिसले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी 'ग्नू' या नावाने युनिक्ससारखी, पण सर्वांस मुक्त अशी आज्ञावली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९८४ च्या आरंभी नोकरी सोडली. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे त्यांना जन्मभर खुलासे करावे लागले. आपल्या भाषेत ती अडचण नाही. त्यांचा आग्रह मुक्ततेचा होता. पैसे घेण्यास त्यांची हरकत नव्हती, आणि १९८५ साली त्यांनी स्वतःच्या 'ईमॅक्स' या आज्ञावलीच्या फिती दीडशे डॉलरांस विकल्याही.

परंतु स्टॉलमन यांची खरी करामत आज्ञावलीत नाही, एका कायदेशीर कागदात आहे. १९८० साली अमेरिकेच्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीचा स्पष्ट समावेश झाला होता. कंपन्यांचे सारे बळ त्या कायद्यावर उभे होते. स्टॉलमन यांनी तो नाकारला नाही. मी या कृतीचा धनी आहे, असे त्यांनी ठासून सांगितले, आणि धनी या नात्याने परवाना दिला : कोणीही ही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी, विकावी, मात्र जो ती बदलून दुसऱ्यास देईल त्याने मूळ संहिताही द्यावी, आणि याच अटींवर द्यावी. अट मोडली की परवाना गेला, आणि परवाना गेला की तोच मालकीचा कायदा अट मोडणाऱ्याच्या मानगुटीवर बसतो. 'जीपीएल' या नावाने हा परवाना १९८९ साली प्रथम निघाला. मालमत्तेच्या कायद्याला सामायिक वस्तूच्या राखणीस बसविण्याची ही युक्ती मला या इतिहासातील सर्वांत मोठी कल्पना वाटते.

तिचे फळ दिसावयास फार काळ लागला नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे कळविले. तीच 'लिनक्स'. तिच्या पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ साली टोरव्हाल्ड्स यांनी ती मनाई काढून जीपीएल स्वीकारला. हा बदल निर्णायक ठरला. व्यापाऱ्याला दार उघडले, पण संहिता बंद करण्याचे दार लागले. देशोदेशींचे लोक तिच्यात भर घालू लागले. कारण आपण दिलेले कोणी आपल्यालाच नाकारणार नाही, याची हमी त्या कागदाने दिली होती. याच सुमारास बर्कली विद्यापीठात वाढलेली युनिक्सची दुसरी शाखा खटल्यात सापडली होती. १९९४ मध्ये तडजोड होईपर्यंत तिच्यावर संशयाची छाया राहिली, आणि तेवढ्यात लिनक्स पुढे निघून गेली.

मग विक्रेत्यांना जाग आली. १९९८ च्या आरंभी नेटस्केप कंपनीने, मायक्रोसॉफ्टच्या स्पर्धेने टेकीस आल्यावर, आपल्या ब्राउझरची संहिता खुली करण्याचे ठरविले, आणि त्याच फेब्रुवारीत काही मंडळींनी 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्त स्रोत, हे नाव पुढे केले. नीतीची भाषा व्यापाऱ्यांना बिचकावते, उपयुक्ततेची पटते, असा त्यांचा हिशेब होता. स्टॉलमन यांना तो कधीच मान्य झाला नाही. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टची एक अंतर्गत टिपणे बाहेर फुटली, त्यांत या चळवळीला खरा प्रतिस्पर्धी मानलेले दिसले. २००१ साली त्या कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने, आपल्या युनिक्समधील मजकूर लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करून, आयबीएमवर १ अब्ज डॉलरांचा दावा लावला. पुढे न्यायालयात असे ठरले, की युनिक्सचे स्वामित्वहक्क एससीओकडे आलेच नव्हते, ते नॉव्हेल या कंपनीकडेच राहिले होते. आयबीएमवरील दाव्याचे शेवटचे शेपूट २०२१ साली तडजोडीने तुटले.

जीपीएलची कसोटीही न्यायालयात लागली. २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने तो बंधनकारक मानला. २००८ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयापुढे आलेला खटला खेळण्यातल्या आगगाड्या चालविणाऱ्या एका आज्ञावलीचा होता. तिचा परवाना निराळा असला तरी मुद्दा तोच होता, आणि न्यायालयाने निर्णय दिला, की पैसे न घेता दिलेल्या परवान्याच्या अटीही स्वामित्वहक्काच्या कायद्याने राखल्या जातात. आगगाडी खेळण्यातली होती, पण तत्त्व लाखमोलाचे ठरले.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो विजयाचा आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तीच आहे. २०१६ साली मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. २०१८ मध्ये तिने मुक्त आज्ञावलीचे मोठे भांडार असलेली गिटहब ही कंपनी ७.५ अब्ज डॉलरांना घेतली, आणि २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ३४ अब्ज डॉलरांना घेतली. ज्यांनी विरोध केला तेच मोठे वापरणारे झाले.

येथेच गेट्स यांचा जुना प्रश्न परत येतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये 'ओपनएसएसएल' या आज्ञावलीत एक घातक चूक सापडली. जगातील असंख्य बँका, दुकाने आणि टपालसेवा आपली गुपिते राखण्यासाठी तिच्यावर विसंबून होत्या. तिला मिळणाऱ्या देणग्या मात्र वर्षाला सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. २०२४ च्या मार्चमध्ये याहून वाईट गोष्ट उघडकीस आली. 'एक्सझेड' नावाची लहानशी आज्ञावली एक थकलेला गृहस्थ हौसेने सांभाळीत होता. मदतीच्या मिषाने कोणी दोन वर्षे विश्वास संपादन करून तिच्यात चोरदार बसविले. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एका कामास नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागल्याचे जाणवले, त्याने मूळ संहितेपर्यंत शोध घेतला, आणि चोरी पकडली गेली. हा अभियंता मायक्रोसॉफ्टचा नोकर होता, हे ध्यानात घ्यावे. संहिता खुली होती म्हणून दोष सापडला. पण ती राखणारा एकटा होता म्हणून तो शिरला.

हा सारा इतिहास परदेशातला, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. ज्यांनी १९९० नंतरच्या दशकात संगणकावर मराठी मजकूर जुळविला त्यांना तो ठाऊक आहे. तेव्हा अक्षरसंच विकणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांची अक्षरांची सांकेतिक मांडणी निरनिराळी असे. एकाच्या संचात लिहिलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला की निव्वळ चिन्हांचा कचरा दिसे. लेख आपला, भाषा आपली, पण वाचण्याची किल्ली विक्रेत्याच्या हाती. युनिकोड या सार्वजनिक संकेतात १९९१ सालीच देवनागरीला स्थान मिळाले होते. तो प्रत्यक्ष रुळला तेव्हा ही कुलुपे उघडली. रेड हॅटने २००४ साली खुले केलेले 'लोहित' अक्षरसंच, ज्यांवर पुढे पुण्यात काम झाले, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा संच, हे आज कोणालाही घेता येतात, बदलता येतात. आपल्या लेखनाची किल्ली आपल्याकडे असणे म्हणजे काय, हे याहून जवळचे उदाहरण देऊन सांगता येणार नाही.

सारांश असा, की मुक्त संहितेच्या पक्षाने वाचण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क मिळविला, आणि तो कायद्याच्या बळावर मिळविला. मोबदल्याच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र त्या पक्षाला अद्याप सापडलेले नाही. गावच्या विहिरीवर पाणी भरावयास सर्वांना मुभा असावी, हे आपण मान्य केले. पण उन्हाळ्यात गाळ काढावयास कोण उतरणार, हे ठरविले नाही. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ते स्वागतार्ह आहे. परंतु सरकारांनी, विद्यापीठांनी आणि नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी केवळ पाणी भरणारे होऊन चालणार नाही. ज्या संहितेवर त्यांचा कारभार चालतो तिच्या राखणीसाठी माणूस आणि पैसा यांची रीतसर तरतूद त्यांनी केली पाहिजे. तशी मागणी करणे हे आपणा नागरिकांचे काम आहे. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.